पटावरचं नाव टिकावं म्हणून: वर्गातल्या ट्रान्सजेंडर मुलासाठी शिक्षकांनी काय करावं

हा लेख माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्यांसाठी आहे, त्यातही ज्यांच्यासमोर हा विषय पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी. नववीतलं एखादं मूल तास संपल्यावर मागे रेंगाळतं आणि म्हणतं, ‘बाई, सगळे मला मुलगा समजतात, पण मी मुलगी आहे.’ कधी याच्या उलट असतं. बहुतेक वेळा मूल काहीच बोलत नाही. पी.टी.च्या दिवशी त्याच्या पोटात दुखतं, मधल्या सुट्टीत ते डबा घेऊन एकटं बसतं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते.

बी.एड.ला यातलं आम्हाला कोणी शिकवलं नाही. २०२१ च्या अखेरीस एन.सी.ई.आर.टी.ने शिक्षकांसाठी या विषयावरची एक पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली होती. तिच्यावर आक्षेप आले आणि थोड्याच दिवसांत ती काढून टाकली गेली. त्यामुळे बहुतेक शिक्षक अजूनही आपापल्या समजुतीप्रमाणे वागतात. समजूत चांगली असली तर मूल वाचतं, नसली तर शाळा सोडतं.

पुढचं सगळं मी एका गोष्टीभोवती लिहिलं आहे. ते मूल मुलगा आहे की मुलगी, हे ठरवणं शाळेचं काम नाही. ते मूल दहावीच्या निकालापर्यंत आणि पुढेही शिकत राहील, हे पाहणं शाळेचं काम आहे. प्रत्येक निर्णयाच्या वेळी स्वतःला एवढंच विचारा: याने मूल शाळेत टिकेल की शाळेतून जाईल?

जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष याशिवाय ‘इतर’ हा पर्याय पहिल्यांदा दिला गेला. त्यात देशभरात ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली, त्यांतली ४०,८९१ महाराष्ट्रातली. या गटातली साक्षरता सुमारे ५६ टक्के निघाली. देशाची सरासरी ७४ टक्के होती. मधली दरी बुद्धीची नाही. ती शाळेच्या फाटकापाशी तयार होते, आणि शाळेत असलेल्यांची खरी परीक्षा सातवी ते दहावीच्या वर्षांत असते. याच वयात आवाज फुटतो, मिसरूड येते, छाती वाढते, पाळी सुरू होते. जे शरीर आपलं वाटत नाही ते दर महिन्याला अधिकच परकं होत जातं. आणि नेमकं याच वेळी शाळाही मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला असं काटेकोरपणे वाटायला लागते.

पहिलं बोलणं

मूल तुमच्याशी बोलायला आलं, याचा अर्थ त्याने कित्येक दिवस शिक्षकांना पारखून मग तुमची निवड केली आहे. त्या पाच-दहा मिनिटांत तुम्ही काय बोलता ते त्याला जन्मभर लक्षात राहणार आहे. म्हणून कमी बोला.

एकांत हवा, पण दार बंद नको. ग्रंथालयाचा कोपरा, प्रयोगशाळा, मैदानाच्या कडेचा कट्टा चालेल. स्टाफरूम अजिबात नको. आधी आभार माना: ‘मला सांगितलंस, बरं झालं.’ मग विचारा, ‘तुला शाळेत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा फार साधं आणि हाताळण्यासारखं असतं. शौचालय, केस, अमुक एक मुलगा, अमुक एक सर.

काही वाक्यं तोंडावर येतात, ती गिळून टाकायची. ‘हे वयच असं असतं, जाईल.’ ‘मोबाइलमुळे डोक्यात आलंय.’ ‘तुझ्या आईवडिलांचा विचार केलास का?’ ‘ऑपरेशन करणार का?’ शेवटचा प्रश्न कुतूहलापोटी हमखास विचारला जातो. पण आपण कुठल्याही विद्यार्थ्याला कपड्यांच्या आतल्या शरीराबद्दल विचारत नाही, मग यालाही विचारायचं नाही.

उलट बाजूचीही चूक होते. हळुवार बोलणारा, मुलींमध्ये रमणारा प्रत्येक मुलगा ट्रान्स नसतो. आखूड केस ठेवून कबड्डी खेळणारी प्रत्येक मुलगी तर नाहीच नाही. कुणी समलिंगी असेल, कुणी फक्त वेगळ्या स्वभावाचं असेल, कुणाला अजून स्वतःलाच उमगलं नसेल. इंटरसेक्स मुलांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे जन्मतःच शरीराची रचना ठरावीक साच्यात बसत नाही. मूल स्वतःसाठी जो शब्द वापरेल तोच तुम्ही वापरा: ट्रान्सजेंडर, पारलिंगी, तृतीयपंथी, किंवा कुठलाच नाही. आपण होऊन त्याला नाव देऊ नका. दोन वर्षांनी त्याला वेगळं वाटलं तरी तुमच्या आजच्या चांगुलपणाने काहीही बिघडलेलं नसतं.

एक प्रश्न मात्र थेट विचारायला हवा, आणि तो विचारायला शिक्षक फार घाबरतात: ‘कधी जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलता येतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या. फोनमध्ये सेव्ह केले तर घरात कुणीतरी बघेल, अशी भीती मुलांना असते.

कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही

मुलाला विचारल्याशिवाय कोणालाही सांगायचं नाही. आईवडिलांनाही नाही. हे वाचून काही शिक्षक अस्वस्थ होतील, कारण आपल्याकडे पालकांना बोलावणं हा पहिला उपाय असतो. पण ज्या घरात हे कळल्यावर पट्ट्याने मार बसणार आहे, शाळा बंद होणार आहे किंवा घाईघाईने लग्न ठरणार आहे, त्या घरात तुमचा एक फोन मुलाचं आयुष्य उधळू शकतो. ट्रान्स मुलग्यांच्या बाबतीत, म्हणजे घरच्यांच्या लेखी जी ‘मुलगी’ आहे तिच्या बाबतीत, लग्नाचा धोका खरा आहे.

गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच बोलण्यात सांगून टाका. कुणी लैंगिक त्रास दिला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तिथे गप्प राहणं हाच गुन्हा ठरतो. हा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. जीवाला धोका असेल तरी सांगावं लागेल. ‘बाकी सगळं माझ्यापाशी राहील, या दोन गोष्टी सोडून’ असं म्हटलं की मूल समजून घेतं. न सांगता नंतर कुणाला कळवलं, तर मात्र ते पुन्हा कधी कोणावर विश्वास ठेवणार नाही.

मुलाची संमती असेल तर शाळेत आणखी एका माणसाला विश्वासात घ्या. मुख्याध्यापक असतील तर उत्तम, नसतील तर जो शिक्षक खरंच मदत करेल तो. कधी कधी शाळेतल्या मावशी किंवा शिपाईकाका यांचाच सगळ्यात जास्त आधार होतो, कारण शौचालयापाशी काय घडतं ते त्यांनाच दिसतं.

हजेरी, नाव आणि क्रियापद

मराठीत बोलताना लिंग टाळता येत नाही असं वाटतं. ‘गृहपाठ केला का?’ यात काही नाही, पण ‘उशिरा का आलास?’ यात आहे. मूल स्वतः ‘मी आलो’ म्हणतं की ‘मी आले’, इकडे वर्गाचे कान टवकारलेले असतात. मी अशी मुलं पाहिली आहेत जी वर्गात पूर्ण वाक्य बोलायचंच टाळतात. ‘हो बाई’, ‘नाही बाई’ एवढ्यावर भागवतात. तोंडी परीक्षेत त्यांचे गुण जातात आणि आपण शेरा मारतो: ‘आत्मविश्वास कमी.’

यातून वाट काढता येते. एकांतात मुलाला विचारा, कसं बोलावलेलं आवडेल. तसंच एकांतात बोला. वर्गात सगळ्यांसमोर तसं बोललेलं त्याला नको असेल (बहुतेकांना सुरुवातीला नकोच असतं), तर लिंग न दाखवणारी रूपं वापरा. भविष्यकाळात ‘तू वाचशील का?’ चालतं, आज्ञार्थात ‘पुढचा उतारा वाच’ चालतं, आणि ‘तुम्ही आलात’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. काही शिक्षक पूर्ण वर्गालाच अहो-जाहो करतात. मोठ्या मुलांना ते आवडतंही. थोड्या सरावाने हे जिभेवर बसतं.

नावाचंही तसंच. कागदावरचं नाव कायद्याने बदलेपर्यंत निकालपत्रावर तेच राहणार. पण वर्गात आडनावाने किंवा टोपणनावाने हाक मारायला कुठलीही परवानगी लागत नाही. आपण कित्येक मुलांना तशी हाक मारतोच. हजेरी नावाने घेण्याऐवजी क्रमांकाने घ्या. आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली असा हजेरीपट असेल तर पुढच्या वर्षी आडनावाच्या अकारविल्ह्याने लावा. परिपाठाच्या रांगा उंचीप्रमाणे करा. प्रयोगाचे गट मुलगे विरुद्ध मुली असे पाडू नका. यातली एकही गोष्ट त्या एका मुलाकडे बोट दाखवत नाही, म्हणूनच ती उपयोगी पडते.

शौचालय

या एका गोष्टीसाठी लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, इतकी ती महत्त्वाची आहे. मुलग्यांच्या मुतारीत ट्रान्स मुलीची चड्डी ओढली जाते, व्हिडिओ काढला जातो, आणि तिथे कुठलाही शिक्षक नसतो. मग ती दिवसभर पाणी प्यायचं बंद करते. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच. मूत्रमार्गाला संसर्ग होतो, ताप येतो, गैरहजेरी वाढते. आईला वाटतं पोरगं अशक्त आहे.

उपाय खर्चिक नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं शौचालय बऱ्याच शाळांत असतं आणि बऱ्याचदा त्याला कुलूप असतं किंवा आत जुनी बाकं रचलेली असतात. ते रिकामं करा, स्वच्छ ठेवा, आतून कडी नीट लागते ना ते बघा, आणि ‘ज्याला गरज आहे त्याने वापरावं’ असं सगळ्यांसाठीच जाहीर करा. दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क पहिला, हे सांभाळून. ते नसेल तर शिक्षकांच्या शौचालयाची किल्ली. तीही शक्य नसेल तर तास संपायच्या पाच मिनिटं आधी जाऊ द्या, कारण का म्हणून विचारू नका, आणि बाकीच्या शिक्षकांनाही तेवढंच सांगा की याला सोडायचं.

ट्रान्स मुलग्यांची अडचण वेगळी. पाळी येते, पण पॅड मुलींच्या शौचालयातल्या यंत्रात किंवा बाईंच्या कपाटात. मागायला जाणं म्हणजे सगळ्यांसमोर ‘मी मुलगी’ असं कबूल करणं. म्हणून त्या एकट्या शौचालयात एक पुडकं आणि झाकणाचा डबा ठेवा. मागावं लागू नये, एवढंच.

गणवेश, केस, मैदान

गणवेशाचा नियम मोडायची गरज सहसा पडत नाही, तो थोडा सैल करावा लागतो. स्कर्टऐवजी सलवार-कुर्ता किंवा पँट चालेल असं सगळ्या मुलींसाठी केलं तर ट्रान्स मुलग्याचाही प्रश्न सुटतो. केसांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते: वर्गासमोर किंवा प्रार्थनेच्या मैदानावर कोणत्याही मुलाच्या केसांना कात्री लावू नका. शिस्त म्हणून केलेला हा प्रकार ट्रान्स मुलीच्या दृष्टीने सगळ्यांदेखत अंगावर हात टाकण्यासारखा असतो. अशा एका सकाळीनंतर मूल शाळेत परत येत नाही. केस मानेवर बांधून किंवा टोपीखाली ठेवून चालतील, एवढं घरच्यांशी आणि मुलाशी बोलून ठरवता येतं.

काही ट्रान्स मुलगे छाती दिसू नये म्हणून क्रेप बँडेज घट्ट गुंडाळतात. त्याने दम लागतो, बरगड्या दुखतात. ‘काढ ते’ म्हणून ओरडून उपयोग नाही. बँडेज श्वासाबरोबर सैल होत नाही, म्हणून ते धोक्याचं आहे, हे समजावून सांगा. सैल शर्ट किंवा आत घट्टसर बनियन घालायला सुचवा, आणि त्या दिवशी धावायला लावू नका. शरीर मुलीसारखं व्हावं म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून खाणाऱ्या ट्रान्स मुलीही असतात. हे कळलं तर रागवू नका, पण डॉक्टरांपर्यंत न्या. त्या गोळ्या मनाने घेणं रक्ताच्या गुठळ्यांपर्यंत जाऊ शकतं.

शालेय स्पर्धांचे गट कागदावरच्या नोंदीप्रमाणे पडतात, तिथे वर्गशिक्षकाच्या हातात फारसं नसतं. शाळेच्या मैदानावर मात्र असतं. रिले, खो-खो, लेझीम मिसळून घेता येतात. स्नेहसंमेलनात त्या मुलाला बाईचं पात्र देऊन हशा पिकवायचा मोह आवरा. त्याला लावणी करायचीच असेल आणि ते मनापासून सांगत असेल तर जरूर करू द्या, पण मग हसणाऱ्यांना आवरायची तयारी आपली हवी.

मुक्कामाच्या सहलीला ‘तू येऊ नकोस, तुझीच अडचण होईल’ असं म्हणणं हा भेदभाव आहे. कोणाबरोबर खोलीत राहायला सुरक्षित वाटेल ते आधी विचारा आणि त्या खोलीशेजारी शिक्षकाची खोली ठेवा.

चिडवणं आणि त्यापुढचं

‘बायल्या’, ‘छक्का’, ‘हिजडा’, आणि टाळी वाजवून दाखवणं. हे रोज घडतं आणि बरेचदा शिक्षकांच्या कानावर पडूनही घडतं. एकदा शिक्षक हसले की वर्षभराची परवानगी मिळते. म्हणून पहिल्या वेळी तिथल्या तिथे थांबवा. लांब भाषण नको. ‘या वर्गात हा शब्द चालणार नाही’ एवढं पुरे, आणि प्रत्येक वेळी तेवढंच. चिडवणाऱ्याला त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. त्याने मूल पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतं आणि सूड शाळेबाहेर घेतला जातो.

हात लावणं, कपडे ओढणं, मोबाइलवर चित्रीकरण, अश्लील निरोप ही चेष्टा नाही. तारीख, वेळ, ठिकाण, कोण होतं ते लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. महाराष्ट्रात मार्च २०२२ च्या परिपत्रकाने शाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. तुमच्या शाळेत ती कागदावर तरी असेल. तिची बैठक मागा. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहा. ज्याच्याविरुद्ध तक्रार यायची शक्यता आहे त्याच्याकडेच किल्ली असेल तर पेटी असून नसल्यासारखी.

दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाचा पाठ आहे. वर्ग खिदळतो, आपण घाईने उरकतो. तिथेच दोन वाक्यं जास्त बोलता येतील: माणसाचं शरीर आणि त्याला आतून जाणवणारी ओळख बहुतेकांची जुळते, काहींची जुळत नाही, हा आजार नाही आणि संसर्गही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. ही दोन वाक्यं कोणाकडे न बघता बोलायची. ज्याला ऐकायची आहेत ते मूल ऐकतं.

घर

मुलाची तयारी असेल तेव्हाच, आणि त्याच्या सल्ल्याने. आईशी बोलायचं की वडिलांशी, की आत्या-मामांपैकी कोणी समजूतदार आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. बहुतेक घरांत आईला आधीपासून कळलेलं असतं. तिला फक्त ते कोणी मोठ्याने म्हणायला नको असतं.

घरच्यांना शाळेत बोलावून मुलासमोर विषय काढू नका. आधी त्यांचं ऐका. ‘लोक काय म्हणतील’ यामागे खरी भीती असते: भाऊबहिणींची लग्नं, गावातलं बोलणं, आणि ‘आमच्या पोराला ते लोक घेऊन जातील’. ही शेवटची भीती सरळ बोलून टाकणं बरं. मुलं डेऱ्यात, म्हणजे तृतीयपंथी समाजाच्या गुरूच्या घरी, जातात ती बहुधा घर आणि शाळा दोन्ही बंद झाल्यावर. त्या वेळी त्यांना जेवू-खाऊ घालणारं, आपलं म्हणणारं माणूस तिथेच भेटतं. म्हणून आईवडिलांना सांगायचं, ‘घरातून हाकललं नाहीत तर पोर कुठे जाणार नाही.’ मला आजवर यापेक्षा उपयोगी वाक्य सापडलेलं नाही.

दुसरी धास्ती उपायांची. कुणी देवऋषाकडे नेतं, कुणी बाबाकडे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजूला केसांत जट दिसली की मूल यल्लम्माला वाहून जोगता करायची गोष्ट निघते. बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शहरात हेच काम ‘बरं करून देतो’ म्हणणारे डॉक्टर करतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बदलवण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. पालकांना एवढंच सांगा की समुपदेशकाकडे जरूर न्या, पण पहिल्या भेटीत ‘हे घालवून देतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडून उठून या.

‘याचं पुढे होणार काय?’ याला उत्तर द्यायला काही ठोस हाताशी ठेवा. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांना पर्याय द्यायला लागला तो २०२२ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लढ्यानंतर. त्या भरतीत उतरायलाही बारावी पास असावं लागतं. पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटायला हे पुरतं.

अशा पालकांचं एकमेकांशी बोलणं हे शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा जास्त परिणाम करतं. मुंबईत सुरू झालेला ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या आईवडिलांचाच गट आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट यांनी अनेक वर्षं या क्षेत्रात काम केलं आहे. मात्र संस्थांचे तरुणांसाठीचे कार्यक्रम बहुधा अठरा वर्षांवरच्यांसाठी असतात, म्हणून तिथे मुलाला एकट्याला पाठवू नका. आधी स्वतः फोन करून विचारा.

घरात मारहाण होत असेल तर तो समजुतीचा विषय राहत नाही. १०९८ ला किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. मूल ट्रान्सजेंडर आहे एवढ्याच कारणाने त्याला घरापासून तोडता येत नाही, असं २०१९ चा कायदा सांगतो. त्याच्या हितासाठी वेगळं ठेवायचं तर सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो.

मुख्याध्यापक आणि कायदा

‘वरून काही पत्र आलंय का?’ हा प्रश्न येणारच. २०१४ च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्याच्या निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. त्यानंतर आलेला २०१९ चा हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी या मुलांना भेदभाव न करता इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. शिक्षण नाकारणं किंवा अन्यायाने वागवणं यालाही बंदी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलींबरोबर ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठीही लिंगसमावेशन निधीची तरतूद मांडली आहे. हे चार मुद्दे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. भांडायला नाही, त्यांच्या पाठीशी काहीतरी असावं म्हणून. संस्थाचालकांना उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

कागदपत्रं

शाळेत चांगली वागणूक मिळायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, हे पहिलं. कागद लागतात ते नोंदी बदलायला आणि योजनांसाठी. २०१९ च्या कायद्यात ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं आणि अल्पवयीन मुलासाठी अर्ज पालकांनीच करायचा असतो. म्हणजे घर तयार नसेल तर अठरापर्यंत हा रस्ता बंद, आणि त्यासाठी पालकांवर दबाव आणण्यात अर्थ नाही. कायद्यात आणि नियमांत दुरुस्त्या होत असतात; अर्ज करायच्या वेळी लागू असलेला मजकूर जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयातून मागून घ्या. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी नववीपासून पुढे शिष्यवृत्ती आहे, तीही तिथेच विचारा.

घर पाठीशी असेल तर वेळेचं भान ठेवा. जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश-नोंदवहीतली, दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असताना, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. दहावीच्या परीक्षेचं आवेदनपत्र जनरल रजिस्टरवरून भरलं जातं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या गुणपत्रिकेवरून चालतं. म्हणून हालचाल नववीत सुरू करा, आणि आधार कार्ड, राजपत्र, शाळेची नोंद या सगळ्यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते पुन्हा पुन्हा तपासा.

मूल शाळेतून गेलंच तर

लागोपाठ आठवडाभर गैरहजर असेल तर नाव कमी करण्याची घाई करू नका. आधी स्वतः जा किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला पाठवा. मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की पालक दाखला मागायला आले तर तुम्हाला बोलवावं. दाखल्यातल्या वर्तणुकीच्या आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलाच्या ओळखीबद्दल एक अक्षरही जाता कामा नये. ज्या पुढच्या शाळेत ते नव्याने सुरुवात करू पाहतं तिथे तो शेरा त्याच्याआधी पोचतो.

ज्याने नियमित शाळा सोडली त्याच्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. फॉर्म ठरावीक मुदतीत भरावा लागतो आणि संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडावी लागते. ती शाळा तुमचीच असू शकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहे. तिथे विषय निवडायला जास्त मोकळीक आहे आणि एकेक विषय करत पूर्ण करता येतो. डेऱ्यात राहणारी, दुकानावर मागायला जाणारी मुलंही या वाटेने दहावी होऊ शकतात. रस्त्यात असं आपलं जुनं मूल भेटलं तर नजर चुकवू नका. ओळख दाखवा, कसं आहेस विचारा, आणि सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख सांगा.